सहा कवड्या की सात?

२००८ च्या जूनमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची चौथी आवृत्ती बाजारात आली आणि जुन्या खेळाडूंकडून एक मजेशीर तक्रार ऐकू यायला लागली. खेळ वाईट आहे अशी ती तक्रार नव्हती. उलट बरेच जण म्हणत होते की खेळ नीट बांधलाय, हिशेब चोख आहे. फक्त हा डी अँड डी नाही!

आता गंमत बघा. नाव तेच, कंपनी तीच. तेच बुटके, तेच एल्फ, तेच जादूगार, पुस्तकाच्या नावात तोच ड्रॅगन. मग 'तो' खेळ गेला कुठं? खेळाची ओळख चित्रांत नसते, कथेत नसते, कंपनीच्या कागदपत्रांतही नसते, तर असते तरी कुठं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. त्याचं उत्तर अमेरिकेत शोधता शोधता मी शेवटी शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात, आमच्या घरच्या ट्रंकेपाशी पोचलो. ते पुढं येईलच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही एका पडक्या किल्ल्यासमोर उभे आहात, दार अर्धं उघडं आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि काय करणार ते सांगतात. जिथं निकाल नक्की नाही तिथं फासा टाकायचा. बस्. पट लागतोच असं नाही, जिंकणं-हरणंही नेहमीच्या अर्थानं नाही. पण नियमांची पुस्तकं मात्र आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांइतकी जाड.

तर चौथ्या आवृत्तीत काय बदललं? आधी जादूगार सकाळी उठून मंत्र पाठ करायचा आणि मंत्र एकदा म्हटला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ'मधून उचललेली. लढवय्याचं काम साधं, दर फेरीला तलवार मारायची. दोघांचे नियमच वेगळे. त्यामुळं सुरुवातीला जादूगार बिचारा एक मंत्र संपला की कोपऱ्यात उभा, आणि दहा-बारा लेव्हलनंतर तोच जादूगार देवासारखा नि लढवय्या त्याचा हमाल. असमतोल होता, खराच होता. चौथ्या आवृत्तीच्या कर्त्यांनी तो दुरुस्त केला. सगळ्यांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या : काही कधीही वापरा, काही एका झटापटीत एकदा, काही दिवसातून एकदा. लढवय्यालाही त्याच आणि जादूगारालाही त्याच, नावं फक्त वेगळी.

आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. कोड स्वच्छ झाला, सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि युजरनं ॲप उघडून विचारलं, माझं ॲप कुठाय? :)

पुढचा भाग तर आणखी बोलका आहे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीनं नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली दिला होता. त्याचा आधार घेऊन पायझो नावाच्या दुसऱ्या कंपनीनं २००९ मध्ये 'पाथफाइंडर' काढला, जुनेच नियम थोडे घासूनपुसून. आणि नाराज मंडळी तिकडं गेली. म्हणजे नाव एका घरात आणि जीव दुसऱ्या घरात! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मूळ कंपनीनं बराचसा जीव परत घरी आणला. सांगायचा मुद्दा असा की लोकांनी नावापेक्षा नियमांना जास्त ओळखलं.

पण सगळ्याच नियमांना नाही. पोती भरून नियम आवृत्तीगणिक बदलले आणि कुणी फारसं हळहळलं नाही. तेव्हा कुठले नियम ओळखीचे आणि कुठले नुसते अंगावरचे कपडे, हा खरा प्रश्न. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

१९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचा मध्ययुगीन लढायांचा खेळ छापला. छोटे पुतळे मांडून खेळायचा. मागं एक पुरवणी : ड्रॅगन, जादूगार वगैरे. त्याच सुमारास मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन आपल्या मित्रांना घेऊन 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात खेळ चालवत होता, त्यात प्रत्येक जण सैन्य नव्हे तर एकच माणूस. दोघं भेटले आणि १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा डबा बाहेर पडला. तोच हा खेळ.

चेनमेलमध्ये साध्या शिपायाला वार लागला की शिपाई मेला. सैन्य चालवताना ते ठीक. पण जेव्हा तो शिपाई म्हणजे 'मी' असतो, त्याला नाव दिलेलं असतं, तेव्हा एका दानात मरणं कुणाला आवडेल? अर्नेसनच्या मित्रांनाही आवडेना. त्यानं मुलाखतींत सांगितलं आहे की मग त्यानं यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातला हिशेब उचलला. जहाजाला एक गोळा लागला म्हणून ते बुडत नाही, थोडं थोडं खचतं. तसे माणसालाही अंक द्यायचे, वार लागेल तसे ते कमी करायचे, शून्य झाले की संपला. हेच हिट पॉइंट. आज मोबाइलवरच्या प्रत्येक गेममध्ये डोक्यावर जी हिरवी-लाल पट्टी दिसते तिचं घराणं तिथलं. म्हणजे डी अँड डीचा वीर हा मुळात एक जहाज आहे! हे मला प्रथम कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

दुसरी गोष्ट कमाईची. १९७४ च्या नियमांत पात्राची लेव्हल वाढते ती अनुभवाच्या गुणांनी, आणि ते गुण मिळतात प्रामुख्यानं धनातून. सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक गुण. राक्षस मारूनही मिळतात, पण त्या मानानं चिल्लर. या एका ओळीनं अख्ख्या खेळाचा स्वभाव ठरला. शहाणे खेळाडू राक्षसाशी लढत नसत. त्याला गुंगवत, चुकवत, लाच देत, आणि धन उचलून पळत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत धनाचे गुण ऐच्छिक झाले, २००० मध्ये संकटांवर मात करण्याचे गुण हा मुख्य हिशेब झाला, आणि बघता बघता चोरांची टोळी वीरांची तुकडी झाली. चित्रं बदलली नाहीत, पगार कशाचा मिळतो ते बदललं. ऑफिसात अप्रेझलचे निकष बदलले की माणसं कशी बदलतात ते आठवा.

तिसरी गोष्ट फासा. चेनमेलमध्ये नेहमीचे सहा बाजूंचे फासे. नव्या खेळात वीस बाजूंचा आला. शाळांना साहित्य पुरवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये असे घन मिळत. सुरुवातीच्या त्या वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ हेच आकडे दोनदा असायचे. या फाशाबद्दल बोलायचं तर आता निमोण्याला जायलाच हवं.

दिवाळीत आम्ही सगळे गावी जमतो. गाव शिरूरपासून फार लांब नाही, पण संध्याकाळी सात नंतर अंगणात पोरं दिसत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, आजूबाजूला ऊस आणि उसात बिबट्या. या पट्ट्यात ही गोष्ट चेष्टेची नाही, माणसं गेलीत. त्यामुळं रात्री सगळी पोरं घरात कोंडलेली. काकाच्या मुलांना मी हा खेळ शिकवायचा ठरवलं. थोरली बारावीला, मधला दहावीला, धाकटा सहावीत. पुस्तकं पुण्यातच ठेवली होती मुद्दाम. जवळ फक्त एक वीस बाजूंचा फासा. मला बघायचं होतं की किती नियम काढून टाकले तरी खेळ उरतो.

मी म्हटलं, गुहेत ड्रॅगन आहे. धाकटा म्हणाला, ड्रॅगन नको, बिबट्या. बरं, बिबट्या. त्याचे हिट पॉइंट तीस म्हणू. तुझे आठ. त्यानं झडप घातली की फासा टाकायचा आणि तुझे पाच कमी.

"पाच कसले?" धाकटा म्हणाला. "बिबट्यानं धरलं की धरलं."

मधला लगेच त्याच्या बाजूनं. ठीक आहे, तुमच्या नियमानं खेळू. बिबट्याला पॉइंट नाहीत, तुम्हालाही नाहीत. त्यानं गाठलं तर एक दान, वाचलात तर वाचलात. आणि पुढचा दीड तास काय झालं असेल? कुणी उसात पाऊलच टाकेना. दगड मारून बघ, फटाके लाव, टेंभा कर, गाडीचा हॉर्न वाजव, सरपंचाला फोन कर. खेळ छान झाला, मला घाबरायलाही झालं, पण तो डी अँड डी नव्हता. १९८१ मध्ये आलेला 'कॉल ऑफ कथुलू' असाच आहे, तिथं शहाणा माणूस पळतो. अंगावर खर्च करायला चार अंक असले की माणूस अंधारात पुढं होतो, नसले की दाराशी थांबतो. हिट पॉइंट हे जखमेचं मोजमाप नाहीच मुळी, ते धाडसाचं भांडवल आहे. खऱ्या जखमेशी त्यांचा काही संबंध नाही हे सहावीतल्या पोराला पटकन कळलं, कारण तो ऊस त्याच्या घरामागं आहे.

दुसरी गंमत थोरलीनं केली. मी विचारलं, समजा बिबट्याला मारलं तर किती गुण द्यायचे? ती म्हणाली, "मारला तर गुण कसले, वनखात्याची केस होईल." मुद्दा बिनतोड. मग तिनंच सुचवलं की ओढ्याकाठच्या पडक्या वाड्यात हंडा पुरलेला आहे, तो काढून आणायचा, बिबट्याला न भेटता. म्हणजे १९७४ च्या हिशेबावर ही पोरगी दहा मिनिटांत पोचली. आपल्याकडं गुप्तधनाच्या गोष्टी घरोघरी असल्यानं तिला ते सुचलं असेल, पण नियम तोच : मारण्याचे नाही, आणण्याचे गुण.

दुसऱ्या रात्री वीज गेली आणि टॉर्चच्या उजेडात फाशावरचे बारीक आकडे कुणाला वाचता येईनात. तेव्हा धाकट्यानं आजीच्या ट्रंकेतली कवड्यांची पिशवी आणली. सहा कवड्या. कवडीचं तोंड वर पडलं तर एक, पाठ वर पडली तर शून्य. हात फिरवूनसुद्धा कळतं. आम्ही त्यांवर खेळायला लागलो आणि अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की खेळ पुन्हा बदलला.

वीस बाजूंचा फासा सपाट असतो. एक पडण्याची शक्यता वीसातून एक, वीस पडण्याचीही तितकीच, दहा पडण्याचीही तितकीच. पाच-पाच टक्के. कवड्यांचं तसं नाही. प्रत्येक कवडी नाण्यासारखी समान मानली (तशी ती नसते, प्रत्येक कवडीला स्वतःचा स्वभाव असतो, पण हिशेबापुरतं मानू) तर सहा कवड्यांची चौसष्ट प्रकारांनी मांडणी होते. त्यांत तीन वर पडण्याचे प्रकार वीस, दोन किंवा चारचे पंधरा-पंधरा, एक किंवा पाचचे सहा-सहा, आणि सगळ्या वर किंवा सगळ्या खाली यांचा प्रत्येकी एकच. मधे टेकडी, दोन्ही टोकांना उतार.

याचा परिणाम काय होतो पाहा. समजा भिंत चढायला फाशावर १४ हवेत. शक्यता ३५ टक्के. तुमचं पात्र जरा ताकदवान म्हणून एक अधिक दिला तर ४० टक्के. फरक पडला, पण फासा तुमच्या ताकदीला फारशी भीक घालत नाही. आता कवड्यांवर चार हव्यात. शक्यता ३४ टक्के, जवळजवळ तेवढीच. पण एक अधिक दिला, म्हणजे तीन पडल्या तरी चालतील, की ती थेट ६६ टक्के! थोरलीचं पात्र पैलवान होतं. फाशावर ती धाकट्यासारखीच पडत-धडपडत होती, कवड्यांवर ती खरोखर पैलवान झाली. आणि धाकट्याला, ज्याचा भरवसा नशिबावर, त्याला चमत्कार मिळेनात. फाशावर वीस पडून अशक्य गोष्ट घडते ती वीस दानांत एकदा. कवड्यांवर सगळ्या वर पडतात चौसष्टांत एकदा. रात्र सरली तरी पडल्या नाहीत. सकाळी त्यानं फासा परत मागितला.

हा वाद डी अँड डीच्या जगातही जुनाच आहे. १९८६ चा 'गर्प्स' तीन सहा-बाजूंच्या फाशांची बेरीज घेतो, म्हणजे त्याची जात आमच्या कवड्यांची. तिथं कसबी माणूस कसबी राहतो. डी अँड डीमध्ये गाढवसुद्धा वीसातून एकदा घोडा होतं आणि निष्णात तलवारबाज वीसातून एकदा स्वतःच्या पायावर वार करतो की काय असं वाटतं. टेबलावरचा तो आरडाओरडा, ती टर, त्या चार वर्षं सांगितल्या जाणाऱ्या आठवणी, सगळं त्या सपाट फाशातून येतं. मला विचाराल तर ओळख तिथं आहे. जाती, लेव्हल, मंत्र हे सगळं खरं, पण हिट पॉइंटनं दिलेलं उसनं धाडस आणि सपाट फाशानं दिलेला स्वस्त चमत्कार ही जोडी काढली की उरतं ते दुसरंच काहीतरी. (पाथफाइंडरवाले मित्र इथं मंत्र पाठ करण्यावरून भांडतील. भांडोत.)

आपल्याकडच्या जुन्या खेळांकडं या नजरेनं पाहिलं तर बरंच काही दिसतं. पहिलं उदाहरण मोक्षपटाचं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. हाती असलेले या जातीचे जुने पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. त्यात तुम्ही जीव असता, जन्मापासून मोक्षापर्यंत जायचं असतं. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, घराघराला नाव. खरं सांगायचं तर भूमिका घेऊन खेळायचा याहून जुना आणि याहून थेट खेळ मला माहीत नाही. १८९० च्या दशकात तो इंग्लंडात छापला गेला, पुढं घरांची नावं जाऊन नुसते आकडे राहिले, कवड्या जाऊन फासा आला, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आज आपण तीच सापशिडी दुकानातून परत आणतो. चढायचं-घसरायचं हा सांगाडा शाबूत आहे. पण दानाच्या शेवटी तुम्ही 'क्रोधा'च्या घरात पडत नाही, सत्तेचाळीसवर पडता. सत्तेचाळीसवर पडल्याची लाज कुणाला वाटणार?

गंजिफाचं उलट झालं. सावंतवाडीचे ते सुंदर गोल पत्ते तुम्ही पाहिले असतील, निदान कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेममध्ये. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. त्यातले दोन नियम मला फार आवडतात. एक, अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. म्हणजे हातातला पत्ता भारी की हलका हे दर वेळी रंग पाहून उलटं करून मोजायचं. दोन, दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडं राम तो सुरुवात करणार, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडं कृष्ण तो. खिडकीबाहेरचा सूर्य नियमात घेणारा खेळ! राम दुपारचा जन्मलेला, कृष्ण मध्यरात्रीचा, एवढं ज्याला ठाऊक त्याला नियम पाठ करावा लागत नाही. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास राजवाड्यात चिताऱ्यांना पुन्हा कामाला बसवलं म्हणून ही कला वाचली, त्यांचे उपकार मोठे. पण पत्ते विकत घेणाऱ्यांपैकी खेळणारे किती? चित्र वाचलं, नियम खेळणाऱ्यांबरोबर चालले.

सगळेच नियम असे जिवाचे नसतात हेही खरं. देशी बुद्धिबळात राजाला डावात एकदा घोड्याची उडी होती, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. हे सगळं गेलं, तरी आपण त्याला बुद्धिबळच म्हणतो, कारण मात तीच राहिली. विंग्रजी बुद्धिबळ म्हणून कुणी वेगळं काढत नाही.

आता ट्रंकेकडं येतो. कवड्यांच्या पिशवीखाली एक कापडी पट होता. अधिक चिन्हासारखा, चार पट्ट्या, मधे घर, काही चौकटींत फुल्या. 'पंचवीस'चा पट. उत्तरेत पच्चीसी म्हणतात तोच. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर आखलेला आहे तो हाच, आणि १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट घेऊन ज्याचा ल्युडो केला तोही हाच. सारीपाट याचा सख्खा भाऊ, तो लांबट फाशांवर खेळतात. (खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि पणापायी धनगराघरी चाकर होऊन राहतो, ती कथा आमच्याकडं लहानपणीच कानावर पडते. हरलेल्यानं दुसऱ्या माणसाची भूमिका घेऊन बारा वर्षं काढायची, हा नियम अजून कुठल्या अमेरिकन पुस्तकात आलेला नाही.)

विशेष म्हणजे या खेळाचं नाव राजावरून नाही, पटावरून नाही, दानावरून आहे. पंचवीस पडणं हाच खेळ.

मी आजीला नियम विचारले आणि लॅपटॉप घेऊन बसलो. आजीचं म्हणणं असं : कवड्या सहा. दोन वर पडल्या की दोन, तीनला तीन, असं सहापर्यंत. एकच वर पडली तर दहा. सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, आणि पुन्हा खेळायचं.

शेजारी नाना बसले होते, आजोबांचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "वहिनी, सात कवड्या. पाच उताण्या पडल्या का पंचवीस. सहा पडल्या का तीस."

"सहाच व्हत्या. मी या घरात आल्यापासनं सहाच हायेत पिशवीत."

"सातवी पोरांनी घालवली, तुमी यायच्या आधीच."

"भावजी, तुमी बायकांच्यात कवा खेळलात?"

नाना म्हणाले की ते तालमीत खेळायचे.

हे दोन्ही पाठ खरे आहेत. सहा कवड्यांचा आणि सात कवड्यांचा असे दोन्ही प्रकार देशभर चालत आले आहेत, आणि आजीचा व नानांचा हिशेब छापील वर्णनांशी जवळपास तंतोतंत जुळतो. म्हणून मी रात्री दोन्हींची गणितं करून पाहिली. आजीच्या नियमानं पंचवीस पडतं चौसष्ट दानांत एकदा, दीड टक्क्याच्या जरा वर. एका दानाची सरासरी ४.२ घरं. नानांच्या नियमानं (एकीला दहा, दोन-तीन-चारला तेवढेच, पाचला पंचवीस, सहाला तीस, सातला चौदा, एकही नाही तर सात) १२८ प्रकारांपैकी २१ प्रकारांत पंचवीस पडतं. सोळा टक्क्यांहून जास्त, दर सहाव्या दानाला एकदा. सरासरी ८.७. म्हणजे नानांचा खेळ आजीच्या खेळाच्या दुप्पट वेगानं धावतो, आणि त्यात पंचवीस ही रोजची भाकरी आहे. आजीच्या खेळात तो सण आहे.

पट एकच, सोंगट्या त्याच, नावही तेच. पण एकात माणसं दिवसभर वाट पाहतात, दुसऱ्यात धडाधड सोंगट्या मारत सुटतात.

सकाळी मी दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला : पंचवीस पडलं की काय व्हायचं? नाना म्हणाले, काय व्हायचं, सोंगटी उचलायची नि पळवायची, धारा काढायच्या आत दोन डाव उरकायचे. आजी हसली. म्हणाली, पंचवीस पडलं का आमी असा कालवा करायचो का परड्यातनं सासूबाई बघायला यायच्या, काय झालं म्हणून. एकदा त्या आल्या, आणि परत गेल्याच नाहीत, खेळायलाच बसल्या.

दोन्ही हिशेब मी फाइलमध्ये वेगवेगळ्या नावांनी लिहून ठेवलेत, एक 'वाडा' आणि एक 'तालीम'. नाना अजून सातवी कवडी शोधतायत. धाकट्यानं बिबट्याचा खेळ आजीच्या कवड्यांवर पुन्हा सुरू केलाय, फक्त सगळ्या पालथ्या पडल्या की बिबट्या आपणहून निघून जातो, असा एक नियम त्यानं घातलाय.